पडलीय

सोम., ३ नोव्हें.
बायकांच्या वॉर्डात ड्यूटी. म्हाताऱ्यांना रोजचंच शिकवणं: आधी कडेला बसा, दहा आकडे मोजा, मग उभ्या राहा. एकटीनं संडासला जायचं नाही, घंटी वाजवा. पलंगावरची जुबेदाखाला सगळ्याला मान डोलावते आणि नमाजाआधी हातपाय धुऊन, वजू करून, ओल्या पायानं तुरुतुरु चालत येते. ओरडले. "बेटी, घंटी बजाने में शरम आती है." डोंबल शरम! खुबा मोडला की कळेल.

गुरु., ६
दुपारी दीडला डबा खाताना खारबावला आईला फोन. उचलला शेजारच्या काशीकाकीनं. आई कुठंय? "पडलीय गो." म्हटलं, पडू दे, उठवू नकोस तिला. "बरा," म्हणाली. आई रोज जेवून म्हणते ना, जरा पडते. तेच वाटलं. ठेवला फोन.

पाचला दादा घरी आला तेव्हा त्याचा फोन. (तो वळ गावातल्या गोडाऊनमध्ये कामाला, तिथं मोबाईल आत नेऊ देत नाहीत.) आई मोरीत घसरली. खुबा. तेव्हापासून लादीवरच. काकी शेजारी बसून वारा घालतेय, म्हणते, "सिस्टरनी सांगलाय, उठवायचा न्हाय."

दिवसभर मीच म्हणते, पडाल, पडाल. आणि मला ऐकू आलं ते

शुक्र., ७
आई आमच्याच वॉर्डात. खालाच्या बाजूचा पलंग. फॉर्म मीच भरला. किती वेळ जमिनीवर: साडेतीन तास. मदत मिळायला उशीर का झाला: कोरं सोडलं. चहा घेतला. कप धुतला. रडू वगैरे काही नाही.

रवि., ९
काल ऑपरेशन झालं. नीट झालं म्हणतात. माकडहाडाशी लाल चट्टा आहे, लादीचा. मलम लावते. "काय हाय तिथं?" काही नाही गं.

दादा काकीवर भडकलाय. "तू बोललीस हलवू नको, ते बरोबरच. पण हिनं चार माणसं बोलवायची की नाय? अक्कल गहाण टाकलीय काय?" मी हं म्हटलं. नुसतं हं.

मंगळ., ११
आई अख्ख्या वॉर्डाला सांगतेय: "माझ्या पोरीनी फोनवरच वलखला. बोलली, उठवू नको. म्हून हाड जागचा हालला न्हाय." खाला म्हणे, माशाल्ला, ऐसी बेटी सबको मिले. आता खाला घंटी वाजवते. माझं ऐकून नाही, आईची गोष्ट ऐकून.

मी दुरुस्त केलं नाही. तोंड उघडलं, मग बीपी घेतलं.

गुरु., १३
काकी आली. तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी. दादा तिला बघताच बाहेर निघून गेला. तिनं मला दारापाशी धरलं. "माझा काय चुकला काय गो? तूच बोललीस ना?"

म्हटलं, हो काकी, मीच बोलले.

एवढंच. पुढचं वाक्य तिच्यासमोर नाही आलं, दादासमोरही नाही. डबा घासून तिला परत दिला. ती एकटीच स्टेशनकडे गेली.

चारला आईला पहिल्यांदा उभं केलं. कडेला बसवलं, दहा मोजले. सहाव्या आकड्यालाच दम लागला, पण उभी राहिली. वॉकर धरून दोन पावलं. घामाघूम. मग पलंगाकडे बघत म्हणाली,
"आता जरा पडू?"
माझे हात तिच्या कमरेला तसेच.
म्हटलं, आडवी होते म्हण आई. आडवी होते म्हण.