काळ्या टेपमधला ड्रम

१ एप्रिल १९७९, रविवार

आज सगळं गाव एकमेकांना फसवण्यात गुंतलं असताना मी एक गंभीर संस्था काढली. अन्नपूर्णा ध्वनि-अभ्यास मंडळ. सभासद तीन: मी, हरी आणि लक्ष्मीकांत. अध्यक्ष एकमताने मी. टेपरेकॉर्डर माझा असल्यामुळे चर्चा लांबली नाही.

हरीच्या काकांनी कुवेतहून पाठवलेली काळी कॅसेट ऐकली. वर नाव नाही, गाव नाही. लक्ष्मीकांत म्हणाला, ह्या प्रकाराला हेवी मेटल म्हणतात, तुकोगंजात त्याच्या मावसभावाकडे ह्याच अल्बमची रेकॉर्ड आहे. असेल. गिटार काय, कोणीही बडवेल. खरा माल ड्रममध्ये आहे. एक ठोका पडतो, आणि दुसरा पडेपर्यंत माणसाला विचार करायला सवड मिळते. ह्याला म्हणतात प्रॉडक्शन.

टेपरेकॉर्डर विजेवर चालवणारा एलिमिनेटर गेल्या आठवड्यात जळला. तूर्त सेलवर भागवतो. उद्या दुरुस्तीला टाकणे.

३ एप्रिल

एलिमिनेटर राहिला. ऊन फार होतं, बाहेर पडणं अशक्य. उन्हाचा फायदा घेऊन चारही सेल गच्चीवर वाळत घातले. ताजे होतात.

५ एप्रिल, दुपारी

हातोदच्या धान्य-मंडी कार्यालयातून पत्र. क्लार्कची जागा, दोन मे रोजी हजर व्हा. वडिलांनी, म्हणजे आबासाहेबांनी, पत्र देवापुढे ठेवलं, साखर वाटली. मला कोणी विचारलं नाही.

आमच्या घराण्याने तीन पिढ्या राजवाड्यावर नगारा वाजवला. आजोबा शेवटचे. पुढे आबासाहेबांनी तहसिलीत फाइली वाजवल्या, ते त्यांचं नशीब. पण कान रक्तातून उतरतो, आणि तो माझ्यात उतरला आहे. ह्या कानाने गव्हाची पोती मोजायची?

निश्चय: दोन मेच्या आत ध्वनीच्या क्षेत्रात नाव काढणे.

८ एप्रिल, रविवार

मंडळाची दुसरी बैठक. ड्रम गेल्या वेळेपेक्षाही भारी वाटला. चांगल्या प्रॉडक्शनची हीच खूण, लोणच्यासारखं मुरत जातं. हरी म्हणाला, भिया, गजब. हरीला कान आहे. तो पोह्यांसाठी येतो हा लक्ष्मीकांतचा आरोप खोटा आहे. पोहे संपल्यावरही तो बसतो.

लक्ष्मीकांत शाळेत गणित शिकवतो आणि ते त्याच्या स्वभावात गेलं आहे. घड्याळ लावून बसला होता. म्हणाला, साठच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची, तुझी सदतीस कशी चालते? मी शांतपणे सांगितलं की परदेशी मालात टेप हात राखून भरत नाहीत. त्याने सदतीसचा आकडा वहीत टिपून घेतला.

आबासाहेब दाराशी खुर्ची टाकून बसले होते. पाळत ठेवायला, दुसरं काय. उठताना म्हणाले, ढोल ढिला आहे. मी वाद घातला नाही.

१० एप्रिल

मोठी बातमी. तुकोगंजात श्रीकृष्णजी नावाचे गृहस्थ रेकॉर्डिंग स्टुडिओ उघडत आहेत. त्यांना मदतनीस हवा, आणि डिग्री नको, कान हवा. २९ तारखेला इच्छुकांनी आपल्या आवडीची टेप किंवा रेकॉर्ड आणायची, वाजवायची आणि त्यातलं वाद्य कसं रेकॉर्ड केलं असेल ते समजावून सांगायचं. म्हणजे जागा माझीच. औपचारिकता म्हणून जाणे.

निबंध लिहायला घेतला: 'काळ्या टेपमधील ड्रम: एक चिंतन'. रोज पाच पानं.

१२ एप्रिल

अर्धं पान झालं.

अभ्यासात कसर नको म्हणून नवे सेल आणले. घोर निराशा. ड्रम टिनपाट. गाणारा माणूस एकदम पोरगेलासा, शेपटीवर पाय पडल्यासारखा. दुकानदाराने नकली सेल गळ्यात मारले. उद्या जाऊन त्याला झाडणे.

१४ एप्रिल

झाडायला गेलो नाही, आणि बरं झालं. आज लावून बघतो तर ड्रम पहिल्यासारखा, धीरगंभीर. म्हणजे सेलही मुरावे लागतात. हा शोध निबंधात घातला.

धाकट्या बहिणीला, मंगलाला, हे समजावून सांगितलं. ती बी.एस्सी.ला आहे म्हणून सांगितलं. ती आबासाहेबांचा ट्रान्झिस्टर पुसत होती. म्हणाली, असेल हं दादा, आणि स्वयंपाकघरात निघून गेली. आमच्या घरात शास्त्रीय वृत्ती नाही.

ता.क. आबासाहेबांच्या बातम्या हल्ली फार खणखणीत येतात. हवा स्वच्छ असावी.

१९ एप्रिल

निबंध चौदा पानं. मुख्य मुद्दे असे: हा ड्रम रिकाम्या धान्यकोठारात ठेवून वाजवला आहे. कातडं जाड, बहुधा म्हशीचं. वाजवणारा वयस्कर असून त्याने आयुष्यात दुःख पाहिलं आहे.

हरीला वाचून दाखवला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. जांभईचं नव्हतं.

२२ एप्रिल, रविवार

लक्ष्मीकांतच्या आग्रहाखातर तुकोगंजात जाऊन ती रेकॉर्ड ऐकली. हसू आवरलं नाही. गाणी तीच, पण सगळे गाडी पकडायची असल्यासारखे वाजवतात. म्हणालो, ही घाईत काढलेली आवृत्ती आहे, खरी आमच्याकडे आहे.

लक्ष्मीकांत रागावला नाही, ह्याचाच मला राग आला. फाटकापर्यंत सोडायला आला आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मालू भिया, २९ च्या आधी एकदा सेल तर बदलून बघ यार."

ज्याला ड्रमला नावं ठेवता येत नाहीत तो सेलला ठेवतो. मी त्याला तारीख सांगितली: सेल बारा एप्रिलचे आहेत. जेमतेम दहा दिवस झाले.

नंतर कळलं, तोही २९ ला येणार आहे. आता सगळा उलगडा झाला.

निश्चय: जागा मिळाल्यावर लक्ष्मीकांतशी मोठ्या मनाने वागणे.

२९ एप्रिल, रविवार, सकाळी सात

अंघोळ, देवदर्शन झालं. निबंध एकवीस पानं. टेप मुद्दाम लावून बघितली नाही. ड्रम तयार आहे, उगाच दमवायचा नाही. निघताना मंगलाने दही दिलं आणि म्हणाली, दादा, आज तुझं मस्त वाजेल बघ. पहिल्यांदाच तिने आस्था दाखवली.

हातोदचं पत्र परत कसं करतात ते विचारून ठेवणे.

त्याच दिवशी, संध्याकाळी

आधी निबंध वाचला. सातव्या पानावर श्रीकृष्णजींनी डोळे मिटले, बाराव्यावर मान डोलावली. वयस्कर ड्रमर, कोठार, दोन ठोक्यांमधली सवड, सगळं सांगितलं. मग बटण दाबलं.

तुकोगंजातली रेकॉर्ड वाजली. माझ्या टेपमधून. तीच घाई, तोच पोरगेला आवाज, तोच टिनपाट ड्रम. मी टेप काढून फुंकली, परत घातली. तेच. दोन ठोक्यांमध्ये श्वास घ्यायलासुद्धा जागा नव्हती. लक्ष्मीकांत खाली जमिनीकडे बघत होता. त्याने हसायला हवं होतं.

श्रीकृष्णजी भला माणूस. म्हणाले, "मालोजी, तुम्ही जो ड्रम लिहिलाय ना, तो बढ़िया आहे. पण तो या टेपमध्ये तर नाहीये."

माझ्यानंतर लक्ष्मीकांतने तीच रेकॉर्ड लावली, पाच मिनिटं बोलला आणि खाली बसला. जागा त्याला मिळाली. शाळा सुटल्यावर जाणार आहे.

३० एप्रिल

मंगलाने सांगितलं. मी न विचारताच, रडत.

घरात नवे सेल आले की ते आबासाहेबांच्या ट्रान्झिस्टरला जातात, आणि त्यातले उतरलेले माझ्या टेपला, म्हणून ती रखडत चालते. एलिमिनेटर जळल्यापासून असंच चालू आहे. मी आणलेलेसुद्धा तिने तेराच्या रात्री बदलले. पण काल माझा महत्त्वाचा दिवस, म्हणून सकाळी स्वतः दुकानात जाऊन चार कोरे सेल आणले आणि मला न सांगता घातले. जुने टाकून दिले.

मी तिला फार बोललो. नंतर तिच्या खोलीशी जाऊन आलो, पण आत गेलो नाही.

म्हणजे तो वयस्कर ड्रमर नाही, कोठार नाही, म्हैस नाही. काळ्या टेपचं प्रॉडक्शन मंगलाचं.

निबंध जाळणे. (एकवीस पानं आहेत. मागची बाजू कोरी आहे. तूर्त ठेवला.)

२ मे

हातोद. सकाळची बस. पोती चारशे बारा.

६ मे, रविवार

मंडळ विसर्जित. हरी तरी आला. पोहे खाल्ले, टेपबद्दल काही बोलला नाही. त्याला कान आहे असं मी म्हणत होतो, ते खरं निघालं.

संध्याकाळी टेपरेकॉर्डर फडक्यात गुंडाळून कपाटावर ठेवत होतो. आबासाहेब आले, दाराशी खुर्ची टाकली आणि बसले. मला वाटलं, नोकरीची चौकशी करतील. त्यांनी फडक्याकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "लाव की रे तो ढोल."

मी लावला. पाच मिनिटं ऐकून त्यांनी हात वर केला.

"हा नाही. तो ढिला होता तो. पावसाळ्यात कातडं ओलं झालं की आमच्या वडिलांचा नगारा अस्साच यायचा. राजवाड्यावर पहाटे ते वाजवायचे, आणि मी खाली पायरीवर झोपेत ऐकायचो. चाळीस वर्षांनी ऐकला, मालोजी. लाव ना तो."

महिनाभर ते पाळत ठेवत नव्हते. आणि एकवीस पानांत मी जे लिहिलं त्यातलं त्यांनी दाराशी बसून, न लिहिता, सगळं ऐकलं होतं. मला फार वाईट वाटलं आणि फार बरंही वाटलं. सेलचं सांगायला तोंड उघडलं, पण मंगला दारामागे उभी होती.

सेल एकोणतीसचे आहेत, कोरे. ते उतरेपर्यंत रोज संध्याकाळी सात ते नऊ टेप चालू ठेवायचं मंगलाशी ठरलं. ह्या वेळी उन्हात घालायचे नाहीत.

आबासाहेबांना सांगितलं, पंधरा दिवस कळ काढा, प्रॉडक्शन चालू आहे.