आंब्याखालची हळद

चंद्रपूर
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

व्याही गुणवंतराव यांस,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, एक वाफा सोडून.

मंगळवार, २१ जानेवारी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. मी भाजी घेऊन परतले, तर आंब्याखालची जमीन उकरलेली आणि मागच्या अंगणात तीन विटांवर माझ्या भुईचाफ्याचे गड्डे रटरट शिजतायत. तुम्ही म्हणालात, "बाई, पानं वाळली होती. हळद पिकली समजून काढून देल्ली."

एटापल्लीला नोकरीत असताना जंगलातून चार गड्डे आणले होते. त्या सावलीत गवतही धरत नव्हतं. सहा पावसाळ्यांत भुईचाफ्यानं सगळी जागा झाकली. हिवाळ्यात त्याची हळदीसारखी पानं वाळतात, उन्हाळ्यात उघड्या मातीतून नुसती फुलं वर येतात. जन्मभर शेती केलेल्या माणसानं एक गड्डा मोडून पाहिला असता, तर आत पिवळं नाही हे दिसलं असतं. यावर तुमचं उत्तर: "एकच डोळा उघडा होता बाई. त्याले पिवळंच दिसलं."

त्यानंतर मी जे बोलले, त्यातलं निम्मं जरी आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी ऐकलं असतं, तरी मला बाकावर उभं केलं असतं. पण म्हणून दुपारच्या कुरखेडा गाडीत बसून घरी निघून जायचं? तुमच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला जेमतेम पाच दिवस झालेले. वाकू नका, असं डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं होतं, आणि तुम्ही कुदळ मारता. पुनमला फोन केला, तर "आई, बाबा बरे आहेत," एवढंच. माझी मुलगी तुमची सून झाल्यापासून तिच्या लेखी सगळेच बरे असतात.

आज कोठीत दाराआड टोपली सापडली. राखेत नीट ठेवलेले बावीस गड्डे, मोठे मोठे निवडलेले. शिजवण्याआधी बेणं बाजूला काढायची तुमची रीत. हे तेव्हाच सांगता आलं नसतं? मी बोलू दिलं नाही, असं पुनमचं मत आहे.

जमीन तुम्ही उकरलीत, तेव्हा लावणीला तुम्ही हजर पाहिजे. वाकायचं नाही. मी लावीन, तुम्ही खुर्चीवर बसून माझ्या चुका काढायच्या.

लेखी उत्तर गुरुवार, २० फेब्रुवारी, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. फोन चालणार नाही. पुनमनं लिहिलेलं तर मुळीच नाही. तुमच्या हातचं, रेघांच्या कागदावर. अक्षर रेघेवर आहे की खाली घसरलंय, ते मला पाहायचं आहे.

राग अजून न गेलेली तुमची विहीण,
सुगंधा