बॉनेटखालचा बिब्बा

४ फेब्रुवारी २०२४, हुफूफ, सौदी अरेबिया

गाडी द्यायची ठरली! एकदाची!

फायनल एक्झिटचं, म्हणजे सौदी कायमचं सोडायच्या व्हिसाचं, घोडं आठवडाभर अडलंय, कारण काय तर कॅडिलॅक यांच्या नावावर आहे. ती नावावरून उतरल्याशिवाय आम्हाला निघता यायचं नाही. आणि अठ्ठ्याहत्तर सालचं ते पांढरं धूड घेणार कोण? पेट्रोल ढोसतं, पार्किंगच्या दोन जागा अडवतं. घरात त्याचं नावच ऐरावत. एक भंगारवाला तयार होता, तर हे भडकले. "भंगारात? त्यापेक्षा दान करीन!" यांच्या प्लँटमधल्या सुफियानने मग एक जमिया सुचवली. दान आलेल्या गाड्यांचा ही संस्था लिलाव करते आणि त्यातून डायलिसिसच्या पेशंटांची ने-आण चालते. मला लगेच पटलं. बावीस वर्षं लॅबमध्ये त्यांच्याच रक्ताचे रिपोर्ट काढतेय.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात नूपुरची तारीख आहे. पहिलं बाळंतपण. त्याआधी नाशिकला पोचायचंच. रोज फोनवर विचारते, "आई, यू विल बी हिअर ना?" हो म्हणते, आणि कॅलेंडर बघते.

८ फेब्रुवारी, गुरुवार

ऐरावत गेला. ट्रकवर चढवण्याआधी यांनी बॉनेटवर हात ठेवला तो काढेचनात. वाकून आत काहीतरी बघायला लागले, तेवढ्यात ड्रायव्हर ओरडला, "यल्ला, यल्ला!" मी म्हटलं, "अहो, पुरे आता." गेला बिचारा. कोपऱ्यावर वळायलासुद्धा त्याला दोनदा मागेपुढे करावं लागायचं, आज ट्रकवर बसून एका दमात वळला.

त्याच दिवशी, दुपारी

तांदूळ धुताना आठवलं. हात तसाच पाण्यात राहिला.

बिब्बा!

२००९ ला रियाधच्या रस्त्यावर उंट आडवा आला होता. गाडीचा दिवा फुटला, यांच्या कपाळाला सात टाके. मी म्हटलं, गाडीला बिब्बा बांधू या. हे हसले. "गाडीला दृष्ट लागत नाही दमयंती, गंज लागतो." वर अर्धा तास अंधश्रद्धेवर भाषण. म्हणून मग हे कंपनीच्या बसने शिफ्टला गेले तेव्हा मीच गुपचूप बांधला. जुन्या काळ्या ब्लाऊजच्या तुकड्यात नाशिकहून आणलेला बिब्बा, मीठ, मोहरी आणि एक चिठ्ठी – विजयकुमार बाळकृष्ण दाणी, माझ्या अक्षरात. सात गाठी. बॅटरीच्या मागे, खोल, हात जेमतेम पोचेल असा.

बांधला आणि विसरले. पंधरा वर्षं! २०१९ ला लायसन्स काढलं, तेव्हापासून हॉस्पिटलला मीच ऐरावत नेत होते, पण बॉनेट कधी उघडलं नाही. ते खातं यांचं. यांना कसा दिसला नाही कोण जाणे. दिसता तर मला ऐकवल्याशिवाय राहिले नसते.

आता जमियावाले बॉनेट उघडणार. काळं कापड, गाठी, आत अनोळखी लिपीतली चिठ्ठी. काय समजतील?

९ फेब्रुवारी

काय समजतील ते मला चांगलं ठाऊक आहे. लॅबमधल्या अनुराधाने मागे सांगितलं होतं – कुणाच्या तरी घरी कामवालीच्या बॅगेत गाठी मारलेला दोरा सापडला, तर सिहर म्हणून चौकशी. सिहर म्हणजे जादूटोणा. इथे तो साधा गुन्हा नाही. त्या बाईचं पुढे काय झालं, अनुराधाला माहीत नव्हतं. माझं धाबं दणाणलंय. आणि गाडीचे कागद यांच्या नावावर. धरतील ते यांना! नूपुरचं बाळ येईल आणि आजोबा इथे पोलिसांना बिब्बा म्हणजे काय ते समजावत बसतील. कोणत्या भाषेत समजावणार?

कशात बिब्बा घालणं म्हणजे काय, ते आज कळलं. मी माझ्याच एक्झिटमध्ये घातला.

नूपुरला हळूच सांगितलं. हसली! "आई, जस्ट टेल बाबा." तिला काय जातंय बोलायला. पंधरा वर्षं लपवलेलं आज कुठल्या तोंडाने सांगू?

१० फेब्रुवारी

शुक्रवार-शनिवारची सुट्टी, जमिया बंद. उद्या उघडेल.

हे सकाळपासून सुफियानला फोन करतायत – गाडी कुठे उभी आहे, कोण बघतो, आपल्याला आत जाता येईल का. "माझा एक पाना बॉनेटखाली राहिला," म्हणे. गाडीवरून जीव सुटत नाही या माणसाचा. जेवणात लक्ष नाही. आमटीत मीठ नव्हतं, तरी निमूट जेवले.

११ फेब्रुवारी

गॉगल राहिला असं सांगून एकटीच टॅक्सीने गेले. ऐरावत शेडमध्ये उभा, धुळीने माखलेला. तिथला मेकॅनिक जमालुद्दीन, हैदराबादचा. मला सुटल्यासारखं झालं, निदान हिंदी तरी बोलता येईल! पण तो गाडीला हात लावू देईना. "मॅडम, मुदीर साब की इजाजत के बगैर नक्को. मंगल को चेकिंग है, बोनट तभीच खुलेगा." मुदीर म्हणजे इथले मॅनेजर.

मंगळवार! म्हणजे परवा.

तोंडावर आलं होतं की भाऊ, बॅटरीमागे एक पुरचुंडी आहे. तशीच परत फिरले. गॉगलसुद्धा मागायचा विसरले. तो माझ्या पर्समध्ये होता म्हणा.

१२ फेब्रुवारी

नाव उतरल्याचा मेसेज नाही. हे दर दहा मिनिटांनी मोबाइल बघतात, मी यांचं तोंड बघते. दुपारी म्हणाले, "मीच जाऊन येतो तिकडे." मी घाईघाईने म्हटलं, "कशाला? एका पान्यासाठी?" मग यांनी कपाटं लावली, उचकटली, परत लावली. हे जर तिथे असताना बॉनेट उघडलं तर! पोलीस परवडले, यांचं भाषण नको. नाही, पोलीस पण नकोत.

देवापुढे साखर ठेवली. अक्कल तेव्हाच द्यायची होतीस, म्हटलं.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

अकराला मला फोन, परवा नंबर ठेवून आले होते ना. "मदाम, मक्तब. दरुरी." ऑफिसला या, तातडीने. हे प्लँटवर चार्ज द्यायला गेलेले. यांना कळवलंच नाही. टॅक्सी करून एकटीच गेले.

मुदीर म्हातारे, शांत. गहवा म्हणजे अरबी कॉफी दिली, खजूर पुढे केले. मी खाऊ शकले नाही. मग त्यांनी एक सर्टिफिकेट दिलं, यांच्या नावाचं, आणि दोन्ही हात छातीवर ठेवून बरंच काही म्हणाले. मला 'शुक्रन', म्हणजे आभार, आणि 'खलास', म्हणजे झालं, एवढंच कळलं. गाडी नावावरून उतरली! दरुरी ते एवढंच होतं! मला रडू फुटलं. त्यांना वाटलं गाडीसाठी. टिश्यूचा डबा पुढे सरकवला.

फाटकापाशी जमालुद्दीन उभा होता. इकडेतिकडे बघून एक पाकीट हातात ठेवलं. "बोनट मैं अकेलाच खोला, मॅडम. किसी को नहीं दिखाया. मेरी अम्मी भी बांधती थी." मी त्याला नीट थँक्यूही म्हटलं नाही. उद्या अनुराधाकडून गूळपोळ्या करून घेऊन पाठवायच्या.

सुटले, सुटले, सुटले!

संध्याकाळी

सर्टिफिकेट यांच्या हातात दिलं आणि पाकीट बाथरूममध्ये कडी लावून उघडलं.

कापड काळं नाही. निळ्या चौकड्यांचं आहे, यांचा रुमाल. गाठी सातच. आत बिब्बा नाही, खजुराची बी आहे. हुफूफमध्ये यांना बिब्बा कोण देणार!

चिठ्ठी आहे. अक्षर यांचं. 'दमयंती विजयकुमार दाणी. मार्च २०१९.' मी ऐरावत चालवायला लागले तो महिना. माझी पुरचुंडी यांनी तेव्हाच काढली असणार.

बाहेरून हे विचारतायत, "अगं, तो पाना सापडला का म्हणे त्यांना?"

म्हटलं, "सापडला."