बोटाएवढी ट्यूब

अब्बा, आज तुमच्या दुकानातलं लाकडी कपाट रिकामं केलं. गाळा ज्यांना दिलाय ते महिनाभर किल्ली मागताहेत, आणि मी आपली दर रविवारी पुण्याहून भोरला येते, एक खण उघडते, शेजारून चहा मागवते आणि परत जाते. आज शेवटचा खण उघडला. आत तांब्याच्या तारेची रिकामी रिळं, वॉर्निशचा सुकलेला डबा आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली बोटाएवढी एक ट्यूब. तिच्यावरची जपानी अक्षरं पाहिली आणि मी तिथंच स्टुलावर बसले. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. त्या भाटघरच्या दिवसाबद्दल आपण कधी बोललोच नाही, ते आज बोलायचंय.

आधी विंझरचं सांगते. मी नववीत होते. शाळा सुटली की दुकानात यायचं आणि तुम्ही वाइंडिंग केलेल्या पंपाच्या मोटरींच्या बेअरिंगमध्ये ग्रीस भरायचं, हे माझं काम. एका मोटरीला मी हात आखडता घेतला. डब्यात ग्रीस थोडंच उरलं होतं, आणि नवीन डबा फोडायचा कंटाळा. आठवड्याच्या आत निरोप आला की मोटर ओरडतेय. तुम्ही मला बरोबर घेतलंत, एसटीने विंझरला गेलो. विहिरीच्या काठावर मोटरीचा मालक उभा होता. "मिस्त्री, लई इस्वासानं दिली हुती मोटर," तो म्हणाला. मी तुमच्या मागे लपले. तुम्ही म्हणालात, "चूक माजीच हाय. घाईत व्हतो." त्याच्यासमोर एवढंच. मला बोललात ते परतीच्या एसटीत, तेही खिडकीबाहेर बघत. "ग्रीस कुनाच्या बापाचं वाचवत व्हतीस? तुज्याच ना? मग तुजा बाप सांगतोय, हात सैल सोड." मी रडले आणि हसलेही. त्यानंतर तुमच्या दुकानातली एकही मोटर माझ्या हातून कोरडी गेली नाही.

मग माझी नोकरी, आणि कंपनीने सहा महिन्यांसाठी जपानला पाठवलं ते. तिथं आमच्या वसतिगृहामागच्या मातीच्या मैदानात रविवारी गाड्यांच्या शर्यती चालत. हातभर लांबीच्या, बॅटरीवरच्या, रिमोटने चालणाऱ्या. मातीच्या उंचवट्यांवरून उड्या मारत जायच्या. चालवणारी माणसं मात्र तुमच्या वयाची, पिकल्या केसांची. गाडी उलटली की गुडघे धरत जाऊन सरळ करायची. त्यांना बघून तुमची इतकी आठवण यायची की मी येताना तसली एक गाडी घेऊनच आले. खेळण्यातली नव्हे, खऱ्या शर्यतीची. तुम्ही खोकं उघडलंत आणि माझ्याकडे बघितलंत. "ह्यात गाडी कुटं हाय?" आत नुसत्या पुड्या होत्या: स्क्रू, स्प्रिंगा, तेल भरायचे शॉकअप, नखाएवढी बेअरिंगं. मोटर, बॅटरी आणि रिमोट मी वेगळे आणले होते. "ती आपण जोडायची, अब्बा," मी म्हटलं. तुमचा चेहरा असा खुललेला मी फार कमी वेळा पाहिलाय. मला पुण्याला कामावर हजर व्हायचं होतं. "तू जा. म्या बघतो," तुम्ही म्हणालात. माहितीपुस्तक जपानीत, पण चित्रं होती, आणि चित्रावरून मशीन जोडायला तुम्हाला कुणी शिकवायला नको होतं. दर सोमवारी दुकान बंद ठेवून तुम्ही घरात पांढरी चादर अंथरून बसायचात. अम्मी फोनवर कुरकुरायची की तिच्या परातीत पिठाऐवजी स्क्रू असतात.

मे महिन्यात भाटघरचं पाणी उतरलं आणि धरणाच्या पोटातली जमीन उघडी पडली. कडक, भेगाळलेली, शर्यतीला झकास. माझ्या ऑफिसातले तिघे त्यांच्या तसल्याच रिमोटच्या गाड्या घेऊन आले. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि गाडी टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन आलात. वेल्ह्याच्या तुमच्या एका जुन्या गिऱ्हाइकालाही तुम्ही बोलावलं होतं. तो मोटरसायकलवरून एवढ्या लांब आला आणि माझ्या ऑफिसवाल्यांना सांगत सुटला, "मिस्त्रीनं सोता जोडलीया बरं का! लई डोकं हाय."

रिमोट माझ्या हातात. तिघांच्या गाड्या सुटल्या. आपली मोटर किंचाळत राहिली आणि चाकं जागच्या जागी कशीबशी हलली. ऑफिसातल्या एकाने आपल्या गाडीची मागची गिअरची पेटी उघडली तर आत ग्रीस गच्च. तो म्हणाला की हिच्या दोन चकत्यांमधले छर्रे घसरता कामा नयेत, त्यांच्या पकडीवरच चाकं फिरतात. म्हणून त्याला खास ग्रीस लागतं आणि तेही नखभर. बेअरिंगचं ग्रीस भरलं की सगळंच घसरणार. तुम्ही अगदी हात सैल सोडून भरलं होतं.

आणि मी त्या सगळ्यांसमोर ओरडले. "अब्बा, हा काय विहिरीवरचा पंप आहे? कळत नाही तर हात कशाला लावायचा?" वेल्ह्याचा माणूस धरणाच्या भिंतीकडे बघायला लागला. तुम्ही एवढंच म्हणालात, "जास्त झालं का गं?" आणि बोटांचं ग्रीस शर्टाला पुसलंत. तुम्ही, ज्यांच्या खांद्यावर कायम फडकं असायचं.

त्यानंतर सोमवारी चादर अंथरली गेली नाही. गाडी मी माळ्यावर टाकली. ईदला घरी येईन तेव्हा माफी मागू असं ठरवलं होतं. त्याच पावसाळ्यात तुम्ही दुकानातच, याच स्टुलावर बसल्या बसल्या गेलात. माझी चूक तुम्ही विंझरमध्ये पाठीशी घातलीत आणि तुमची चूक मी चव्हाट्यावर आणली, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. ते तरी कुठं खरंय?

ट्यूबचं सील शाबूत आहे. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर तुमच्या निळ्या पेन्सिलीने लिहिलंय: "बेटीचं. जपून ठेवणे." हे पत्र कुठं टाकणार? याच कागदात ट्यूबसोबत गुंडाळून ठेवते. त्याआधी एक कबूल करते.

तुम्ही मला फोन केला होता. मी ऑफिसात होते, मीटिंगला उशीर होत होता. "बेटा, खोक्यात बोटाएवडी ग्रीसची ट्यूब निगालीया. हीच लावायची का आपलं चालंल?" मी म्हटलं, "आपलंच घाला हो अब्बा, ग्रीस ते ग्रीस." तुम्ही परत विचारलंत, "नक्की ना?" आणि मी हो म्हणून फोन ठेवला.

धरणात ओरडत होते तेव्हाच तो फोन मला आठवला होता, अब्बा. तुम्हालाही आठवला असणारच. तरी तुम्ही शर्टाला हात पुसलेत आणि माझं नाव घेतलं नाहीत.