एक जूनचा जन्म

३ ऑक्टो., शुक्र.
साखर १६२. डॉक्टरणीने वही साखर लिहायला दिली. साखर एका ओळीत संपते. उरलेलं पान फुकट कशाला घालवायचं.

आज माझ्या सुफ्याने सहा विकेट काढल्या. ओमानातलं हे आमचं सहम गाव, इथलं मैदान म्हणजे काय, खजुरांच्या बागेमागची खडी आणि मध्ये सिमेंटची पट्टी. टीम दुकानदारांची. बघायला सोहारचा सावंत आला होता, बंदरावरच्या कंपनीत इंजिनियर, तिथल्या मोठ्या टीमचा मॅनेजर. मॅचनंतर घरी आला. चहा घेतला. जाताना ओमानी हलव्याचा डबा ठेवून गेला, दोन किलोचा.

दोन किलो हलवा कोणी उगाच देत नाही.

५ ऑक्टो.
कळलं. त्याला सुफ्या मोठ्या टीममध्ये हवाय. आत्ताच, ह्याच सीझनला. दर शुक्रवारी मस्कतला, गवताच्या मैदानावर. तिथे कंपनीचाच माणूस चालतो, म्हणून स्टोअरमध्ये हेल्परची नोकरी पण देणार. अठरा पूर्ण पाहिजेत. पोरगा बारावी होऊन घरी बसलाय. पासपोर्टवर जूनमध्येच अठरा झाले.

पासपोर्टवर.

सुफ्याचे अब्बा दुकान उघडं टाकून धावत आले. माशाल्ला, माशाल्ला. मी म्हटलं, दोन वर्षं पोरगा इथेच बॉल टाकतोय, सावंतला आत्ताच कसा दिसला? तर म्हणाले, "तुला अल्लाने जीभ दिली का सुरी?"

मी म्हटलं, दोन्ही.

७ ऑक्टो., मंगळ.
रफीकमामाकडे गेले. मामा टेलर, दुकानदारांची टीम त्यांचीच. सुफ्याला बॉल धरायला त्यांनीच शिकवलं. दोन सलवारी आखूड करायच्या आहेत म्हणून नेल्या. सलवारी बरोबर होत्या. आता आखूड झाल्या.

मामा गळ्यात टेप घालून बसलेले. म्हणाले, "नवं कापड आधी भिजवायचं, आटू द्यायचं, मग कात्री लावायची. तसंच शिवलंस तर पहिल्या धुण्यात आखूड. दोन सीझन खडीवरच राहू दे त्याला."

बोलायला गोड. पण सुफ्या गेला तर मामांच्या टीमला कोण जिंकवणार? हा पण विचार करायला हवा. म्हातारा साधा दिसतो म्हणून साधा असतोच असं नाही.

निघताना म्हणाले, "सावंतला विचार, शिबूचं काय झालं."

१० ऑक्टो., शुक्र.
साखर १७८. हलवा मी खाल्ला नाही. चवीपुरता.

सावंत पासपोर्टची झेरॉक्स न्यायला आला. आधी मला भाभी म्हणायचा, आज वहिनी. काम पडलं की नातं बदलतं.

मी सरळच विचारलं, "तुमचा तो शिबू कुठे असतो?"
कप खाली ठेवला त्याने. "केरळला. गावी पाठवला."
"का?"
"पाठ गेली. एकोणीस वर्षांचा होता. दोन सीझन सलग टाकत होता, मीच टाकायला लावत होतो."

मला वाटलं होतं लपवेल. लपवलं नाही. ह्याचीच जास्त भीती वाटली. खोटं बोलणाऱ्याला मी धरते, खरं बोलणाऱ्याला धरायचं कुठून?

शिबूची जागा रिकामी झाली म्हणून माझा पोरगा दिसला, एवढं मात्र कळलं.

१३ ऑक्टो., सोम.
दुपारी दुकान बंद, अब्बा झोपलेले. पाण्याला उठले तर सुफ्या स्वयंपाकघरात लादीवर उताणा, गुडघे वर.
"काय रे?"
"गरम होतंय अम्मी."
एसी हॉलमध्ये. आणि हा गार व्हायला चुलीपाशी.

त्याची गादी झाडली. उशीखाली माझी बामची ट्यूब. मी म्हणते कुठे गेली. अर्धी संपलेली.

विचारलं नाही. विचारलं की खोटं बोलायला शिकतो.

१५ ऑक्टो.
हे कधी लिहिलं नाही, लिहून टाकते.

सुफ्या माझ्या माहेरी घरीच झाला, रत्नागिरीकडे. मार्च महिना, काजू काढायचे दिवस. दाखलाबिखला कोणी केला नाही. अब्बा इथे ओमानात, मी सासरी. पोरगा भयंकर. चुलीतली लाकडं ओढायचा, कोंबड्यांची मान धरायचा. जावेचा मुलगा शाळेत जायला लागला तसा मी ह्यालाही हाताला धरून नेला. सव्वाचार वर्षांचा. मास्तरांनी विचारलं, वय? मी म्हटलं, सहा पूर्ण. मास्तर म्हणाले, तारीख? मी म्हटलं, तुम्हीच घाला. त्यांनी एक जून घातली. सगळ्यांना तीच घालायचे. शाळेच्या कागदावरून ग्रामपंचायतीचा दाखला, दाखल्यावरून पासपोर्ट. एक जूनला गावाच्या ग्रुपवर अर्ध्या गावाचा वाढदिवस असतो, केकचे फोटो टाकून टाकून फोन गरम होतो.

घरात सगळ्यांना माहीत. आठवत कोणालाच नाही.

वर्गात सगळ्यात बारका. पहिल्या वर्षी रोज चड्डी ओली करून यायचा. मी फटके द्यायचे. पाचवीत इथे आणला तेव्हाही बारकाच. आता एकदम ताडासारखा झालाय. सोळा पूर्ण. सतरावं चालू.

मला घरात शांतता हवी होती. बाकी काही नाही.

१७ ऑक्टो., शुक्र.
मॅच नव्हती. सावंत तरी आला. झेरॉक्स हातात.

"एक जून?" आणि हसला. "वहिनी, माझ्या वडिलांचा एक जून. दोन काकांचा एक जून. आजीला एका दिवसात तीन झाले का असं आम्ही विचारायचो."

मी हसले नाही.

मग त्यानेही हसू आवरलं. म्हणाला, "कंपनीला कागद पुरतो. अठराचा झाला, आईची सही पण लागत नाही. पण मला तुमच्या तोंडून हवंय. ओव्हर मी वय बघून देणार. शिबूच्या वेळी मी विचारलं नव्हतं."
"आणि कमी असलं तर?"
"तर यंदा नाही घेणार."
"पुढे?"
"पुढचं खोटं नाही सांगत. माझं कॉन्ट्रॅक्ट मार्चपर्यंत. त्यानंतर कोण मॅनेजर येईल, त्याला सुफियान दिसेल का, मला माहीत नाही."

म्हणाला पुढच्या शुक्रवारी मस्कतला पहिली मॅच आहे. पहाटे साडेपाचला गाडी घेऊन येतो. तेव्हा सांगा.

नोकरी त्याची, टीम त्याची, आणि पाप माझ्या पदरात? का दुसराच कोणी घ्यायचाय आणि मला निमित्त करतोय? दुपारभर हाच विचार केला. त्याचा भाचा वगैरे कोणी बॉलिंग करतो का, मामांना विचारलं. नाही. एक मुलगी आहे, ती पेटी वाजवते.

१९ ऑक्टो., रवि.
अब्बांना सांगितलं. वाटलं होतं तसंच झालं.
"पासपोर्टवर आहे तेच वय. इथे कोण तुझ्या मास्तरांना विचारायला येतोय?"
"पाठीला विचारायला लागेल."
"तू त्याला सुखाने काही करू देणार नाहीस. सगळ्यांवर संशय. दुकानात गिऱ्हाईक आलं तरी तुला वाटतं बघून जायला आलंय."

बघून जायलाच येतात निम्मे. पण ते बोलले नाही.

नंतर स्वतःच म्हणाले, "मी सोळाव्या वर्षी बोटीवर गेलो." मी म्हटलं, आणि आता नमाजाला खुर्ची लागते. जेवले पण नाहीत नीट. मला नको होतं तेवढं बोलायला.

२१ ऑक्टो., मंगळ.
साखर २०४.

सुफ्याला समोर बसवलं. बाम टेबलावर ठेवला.
"किती दिवस?"
"जास्त नाही. उन्हाळ्यापासून. सगळ्या फास्ट बॉलर्सना होतं, अम्मी. नॉर्मल असतं."
"सावंतला तुझं वय सांगणार आहे."
पोरगा असा बघायला लागला जसं मी त्याच्या तोंडातला घास काढला.
"एक जून सगळ्यांचंच असतं. हाफ टीमचं आहे. कोणाची अम्मी जाऊन सांगत नाही."
"कोणाची पाठ दुखते?"
"मामांच्या टीमला खडीवर काय फ्यूचर आहे? पडलो की गुडघे फुटतात. मस्कतला ग्रास आहे. तिथे बघायला लोक येतात." आणि मग हळूच, "तूच तर सांगितलं होतंस ना मास्तरांना, सहा पूर्ण. आता का?"

उठून भांडी घासली. घासलेलीच होती.

२२ ऑक्टो.
मामांना शेवटचं विचारलं. मामा, खरं सांगा, टीमसाठी थांबवताय का पोरासाठी?
मामांनी दाताने धागा तोडला. "दोन्हीसाठी. मी काय फरिश्ता आहे?"

इतक्या दिवसांत हा एकच माणूस पटला.

२३ ऑक्टो., गुरु.
सुफ्याने बॅग भरली. पांढरे कपडे स्वतः इस्त्री केले. एरवी शर्ट जमिनीवर असतो. माझ्याशी बोलत नाही. अब्बा दोघांशी बोलतात, निरोप्यासारखे. "तुझी अम्मी विचारतेय, अंडं खाणार का." मी इथेच बसलेय, दोन हातांवर.

सांगितलं तर तो मला आयुष्यभर ऐकवेल. नाही सांगितलं तर कदाचित कधीच कळणार नाही त्याला. ह्या दोन्हीत मला सोपं कुठलं ते मला माहीत आहे, म्हणून त्या सोप्यावर माझा विश्वास नाही.

२४ ऑक्टो., शुक्र.
साखर बघितली नाही.

साडेपाच. गाडी दारात आली. अब्बा बाहेर, सावंतशी हवापाण्याचं बोलतायत, खूप मोठ्याने. सावंतने दोनदा दाराकडे बघितलं. हॉर्न वाजवला नाही. मी म्हटलं पाण्याची बाटली आणते. आत येऊन हे लिहितेय. आधी लिहून ठेवते, नाहीतर बाहेर जाऊन काय बोलले ते नंतर मी मलाच वेगळं सांगेन. माझी मला खात्री नाही.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून गाडी दिसते. सुफ्या पुढच्या दारापाशी उभा. बुटाची नाडी सुटलीय. वाकला नाही. पाय उचलून गाडीच्या पायरीवर ठेवला, कंबर सरळ ठेवून, म्हातारा नमाजाआधी हातपाय धुवायला, वजूला बसतो तसा हळूहळू हात खाली नेला आणि बांधली.

सावंत पण तिकडेच बघत होता का, ते कळलं नाही. त्याची पाठ माझ्याकडे होती.

बाटली भरली. सोळा पूर्ण, एवढंच सांगायचं. जाते.