शेवटच्या पानावरची माणसं

४ मे
कोल्हापुरात आले. कळंब्याला खोली मिळाली. खिडकीतून तलाव दिसतो. पिशव्या खाली ठेवायच्या आत घरमालकीण बाळाबाईंनी ताट वाढलं. नको म्हटलं तर म्हणाल्या, "लाजाय काय झालं? जेवल्याबिगर वर सोडत न्हाय मी कुणाला." बरं वाटलं. नोकरी पुराच्या सूचना पाठवणाऱ्या कंपनीत. राधानगरी धरणातून पाणी सुटलं की नदीकाठच्या हजारो मोबाइलवर आमचा संदेश जातो.

६ मे
काम आवडलं. इतक्या नंबरांच्या नोंदी सर्व्हरकडून एकदम मागवता येत नाहीत. शंभर-शंभरांची पानं करून आणाव्या लागतात. प्रत्येक पानासोबत एक हेडर येतो. पाकिटावर चिकटवलेली चिठ्ठीच म्हणा. एकूण पानं किती, ते त्यात असतं.

आधी हे काम आकाराम पाहायचा. त्याचा प्रोग्राम एक पान बाकी असतानाच थांबतो. नवशिक्याची चूक. शेवटच्या पानावर सगळ्यांत उशिरा नोंदवलेली माणसं आहेत: नदीलगतच्या वीटभट्टीवरची कुटुंबं. गेल्या पुरात ती वाहून गेली. त्यांना संदेश गेलाच नव्हता.

८ मे
मालक राजवीर सरांना सांगितलं. त्यांना सगळं माहीत होतं. आकारामला गप्प बसवून त्यांनीच घरी पाठवलं आणि संदेश सगळ्यांना पोचल्याचा अहवाल दिला. मला म्हणाले, "मेलेली माणसं तक्रार करत न्हाईत, अवंतिका. तू कशाला त्यांची वकिली करालीस?"

जागेवर परत आले. प्रोग्राम दुरुस्त केला आणि शेवटचं पान मागवलं. नोंदी आल्या. सोबत एक जादा हेडर होता. आमच्या कोडमध्ये तो कुठेही नाही.
यानंतर: आकाराम.

११ मे
आकाराम गेला. माळावरच्या घरात, कोरड्या खाटेवर. ऑफिसात सांगत होते, छातीत गाळाचं पाणी निघालं.

पान पुन्हा मागवलं.
यानंतर: राजवीर.

१२ मे
सरांना सांगायला केबिनच्या दारापर्यंत गेले. आत ते फोनवर हसत होते. आणखी एका जिल्ह्याचं काम मिळालं होतं. मागे फिरले.

भट्टीवरच्यांना कुणी कळवलं होतं? यांनाही कळू नये.

१४ मे
सर गेले. केबिनमध्ये, खुर्चीतच. बूट कोरडे. तोंडातून गाळ. झाडलोट करणाऱ्या चिमणाबाई किंचाळत बाहेर आल्या. मी जागची हलले नाही. फिटलं, एवढंच वाटलं.

१५ मे
मागवायची गरज नव्हती. तरी मागवलं.
यानंतर: अवंतिका.

मी तर दुरुस्त केलं — मी कुणाला —

दुपारी
शेवटच्या पानावर एक नवी नोंद. राजवीर सरांचा नंबर. पुढे लिहिलंय: सूचना दिली नाही. आणि ज्याने द्यायची होती, त्याच्या रकान्यात माझं —

संध्याकाळी
छातीत गार. सगळ्या पानांवर संदेश सोडला — मला वाचवा, पत्ता, नंबर. पडद्यावर दिसतंय, सगळ्यांना पोचला. एकाचाही फोन — घशात वाळू — खोकते, पण श्वास आत