मनकर्णाबाईंचं वेगळं ताट

सोमवार, २ फेब्रुवारी १९९८. सकाळ.
वर्धेच्या दवाखान्यात, डोळ्यांच्या वॉर्डात. उठल्याबरोबर खुशालीची फेरी. दारापाशच्या आजी, खोकला कसा? कमी. पुढच्या काकू, झोप लागली? लागली. आमच्या सौ. शकुंतलाबाई, पट्टी टोचते? "तुमचं बोलनं टोचते." म्हणजे बरी आहे. शेजारच्या खाटेवर समुद्रपूरच्या मनकर्णाबाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. नात अंजूचं तोंड अजून धड पाहिलं नाही म्हणतात. परवा ऑपरेशन.

चौथीपुढे शाळा नाही, पण सेलूच्या आपल्या किराणा दुकानात रद्दीतली पुस्तकं वाचून मी माणूस ओळखायला शिकलो. संकल्प: पेशंटची रीतभात सांभाळली गेली पाहिजे. डॉक्टरांना फुरसत नाही. मला आहे.

दुपार.
मनकर्णाबाई बौद्ध. बौद्ध म्हणजे अहिंसा. आणि इथे जेवणात उकडलेलं अंडं! बिचाऱ्या संकोचानं बोलत नसतील. माधवी सिस्टरला बजावलं, बाईंना अंडं नको, अंडं लागलेलं ताटही नको. सिस्टर म्हणाली, "काका, त्यांना विचारलं का?" म्हटलं, विचारून लाजवायचं काऊन? बाजारातून नवं स्टीलचं ताट आणलं. अदलाबदल नको म्हणून काठाला लाल खूण केली.

मंगळवार, ३.
ताट सुरू. बाईंनी मान खाली घालून खाल्लं. भारावल्या असाव्यात.
शकुंतला म्हणे, "त्या रडून राह्यल्या." म्हटलं, डोळ्यांचा पेशंट, पाणी येणारच.

बुधवार, ४. सकाळ.
ऑपरेशन झालं नाही. मनकर्णाबाई पिशवी भरून बसलेल्या, त्यांचा मुलगा अनुप न्यायला आलेला.
म्हणाल्या, "शेटजी, साऱ्या रांगेले अंडं, मलेच नाई. साऱ्याइचे ताटं एका ढिगात, माहं बाजूले. मले धड काई दिसत नाई, पन थे लाल खूण दिसली. असं येगळं ताट माह्या मायनं लय पाह्यलं. मले वाटलं, आता संपलं."
मी म्हटलं, बाई, मानानं केलं हो!
"मानानं? मंग इचारलं काऊन नाई? अंडं मले आवडते."
सिस्टरनं हात धरून थांबवून पाहिलं. नाही थांबल्या.

दुपार.
चूक पुस्तकांची. थोडी सिस्टरची, तिनं मला अडवायला हवं होतं. (अडवलं होतं.) जेवण गेलं नाही.
शकुंतलाला सांगितलं, तर म्हणे, "मले तरी कधी इचारलं? दर सोमवारी साबुदाना. मले पचत नाई तो."
आजचा दिवसच खराब.

गुरुवार, ५.
संकल्प: अंड्यांचा ट्रे घेऊन एसटीनं समुद्रपूर. जन्मात अंड्याला हात लावला नाही, पण त्यांच्यासाठी लावीन. शकुंतला म्हणे, "पुन्हा तुमीच ठरवलं."
ट्रे रद्द.

शुक्रवार, ६.
डॉक्टरांना भेटलो. म्हणाले, बाई येत असतील तर पुढच्या आठवड्यात करू. चांगली चार पानी चिठ्ठी लिहिली. अहिंसेवर तीन पानं झाली होती, ती फाडली. उरलं ते एवढंच. अंजू वाचून दाखवील.

"मनकर्णाबाई, ताट मी आणलं होतं. दवाखान्यानं नाही. डॉक्टर थांबले आहेत. याल का? आल्यात तर काय खाल, कोणाच्या शेजारी जेवाल, ते तुम्ही सांगा. मी वॉर्डात असावं की नसावं, तेही सांगा. नसावं म्हणालात तर शकुंतलेला तिची बहीण सांभाळील. पण डोळ्यांचं थांबवू नका. दोन ओळी लिहा, लवकर लिहा."